पाच टक्के हायड्रोजन, पण कुठल्या व्हॉल्व्हपासून पुढे?

पुण्याच्या रावेत, वाकड, मोशी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभी राहिली तशी एक वस्ती घेऊ. पाच सोसायट्या, मिळून १२०० फ्लॅट, एका वसतिगृहाची खानावळ आणि रस्त्यापलीकडे छोट्या कारखान्यांची वसाहत. सगळीकडे पाइप गॅस. या गॅसमध्ये आकारमानाने ५ टक्के हायड्रोजन मिसळायचा, असा प्रस्ताव आहे. वस्ती नमुन्याची आहे. तिचे आकडे अशा भागात सर्रास टाकल्या जाणाऱ्या नळांच्या मापांवरून आणि गॅसच्या गणितावरून काढले आहेत. गणितात नैसर्गिक वायू म्हणजे शुद्ध मिथेन धरला आहे.

जाळे असे आहे. रस्त्याखालून ८ इंची पोलादी वाहिनी येते, दाब २० बार. याच वाहिनीवर एक सीएनजी पंप आहे. पुढे डीआरएस, म्हणजे चौकाच्या कडेला जाळीच्या कुंपणात असलेले दाब उतरवणारे केंद्र. तिथे दाब ४ बारवर येतो आणि १२५ मिमी व्यासाच्या एमडीपीई (पॉलिइथिलीन प्लॅस्टिक) नळाची रिंग सुरू होते. रिंगला दुसऱ्या बाजूने आणखी एक डीआरएस जोडलेले आहे. सोसायटीच्या फाटकाजवळ सर्व्हिस रेग्युलेटर दाब १०० मिलिबारवर आणतो, मीटरजवळचा रेग्युलेटर २१ मिलिबारवर, आणि तिथून गॅस ओट्यापर्यंत जातो. मूळ प्रस्तावात हायड्रोजन पोलादी वाहिनीतच, शहराच्या वेशीवरच्या केंद्रात, मिसळायचा होता. एकाच ठिकाणी यंत्रणा बसवली की सगळीकडे पोचेल, असा त्यामागचा विचार.

५ टक्के हा आकडा हवेतून आलेला नाही. सुरतजवळ कवास येथे एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून घरगुती गॅसमध्ये हरित हायड्रोजन, म्हणजे अक्षय ऊर्जेच्या विजेने पाण्यापासून केलेला हायड्रोजन, मिसळायला सुरुवात झाली, तेव्हा पीएनजीआरबीने, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूच्या नियामक मंडळाने, आधी ५ टक्क्यांना मान्यता दिली. त्याआधी २०२२ मध्ये गेल या सरकारी गॅस कंपनीने इंदूरच्या शहरी जाळ्यात २ टक्क्यांपासून सुरुवात केली होती. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठाच्या आवारात १०० घरे आणि ३० इमारतींना २० टक्क्यांपर्यंत मिश्रण दिले गेले. हाँगकाँगच्या टाउन गॅसमध्ये तर जवळपास निम्मा हायड्रोजन असतो, आणि जुन्या काळी मुंबईत लालबागच्या गॅस कंपनीचा कोळशापासून केलेला गॅस नळाने घरोघर जात होता, त्यातही हायड्रोजनचा वाटा मोठा असे. त्यामुळे घरच्या शेगडीत हायड्रोजन जळू शकतो का, हा वाद उरलेला नाही. कवास आणि कील यांच्यात एक साम्य मात्र आहे: दोन्ही ठिकाणी जाळे बंदिस्त होते आणि नळाच्या शेवटच्या टोकाला कोण आहे हे माहीत होते. पुण्याच्या या वस्तीत ते आधी शोधावे लागते.

भीती पोलादाची, अडचण रिक्षाच्या टाकीची

हायड्रोजन म्हटले की पहिली शंका पोलाद ठिसूळ होण्याची येते, आणि ती रास्त आहे. हायड्रोजनचा रेणू पोलादाच्या ताज्या उघड्या पृष्ठभागावर फुटतो, अणू धातूत शिरतो आणि जिथे आधीच बारीक चीर आहे तिच्या टोकाशी जमतो. दाब वारंवार वरखाली झाला की ती चीर नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, प्रयोगांत दहापट आणि त्याहूनही जास्त. पोलाद जितके जास्त ताकदीचे आणि वेल्ड जितका कठीण, तितका धोका मोठा. ढोबळ हिशेबाने, वेल्डजवळचा कठीणपणा २५० विकर्सच्या वर गेला की ती जागा संशयास्पद मानावी.

पण या वाहिनीचे गणित मांडून पाहा. बाहेरचा व्यास २१९ मिमी, भिंत ६.४ मिमी, दाब २० बार. भिंतीवरचा परिघी ताण येतो सुमारे ३४ मेगापास्कल. पोलाद एपीआय ५एल एक्स५२ या प्रतीचे असेल तर त्याची कायमची वाकण्याची मर्यादा ३६० मेगापास्कल. म्हणजे नळ आपल्या ताकदीच्या १० टक्केही वापरत नाही. ५ टक्के मिश्रणात हायड्रोजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, फक्त १ बार. मोकळ्या रानातून जाणारी, जास्त ताकदीच्या एक्स७० पोलादाची, ताकदीच्या ७२ टक्क्यांपर्यंत ताणलेली मोठी वाहिनी आणि शहरातली ही वाहिनी यांना एकाच तराजूत तोलणे चूक आहे. जुन्या वेल्डचे रेकॉर्ड आणि कठीणपणाच्या नोंदी तपासाव्याच लागतील, पण प्रस्ताव अडतो तो इथे नाही.

तो अडतो सीएनजी पंपावर. तिथला कॉम्प्रेसर हाच गॅस २५० बारपर्यंत दाबतो आणि रिक्षाच्या टाकीत २०० बारने भरतो. तिथे ५ टक्के म्हणजे हायड्रोजनचा आंशिक दाब १० बार. शिवाय रिक्षाची टाकी एक-दोन दिवसांआड जवळजवळ रिकामी होऊन पुन्हा पूर्ण भरते. चीर वाढायला याहून अनुकूल परिस्थिती नाही, कारण दाबाचा झोका दर वेळी पूर्ण असतो. म्हणूनच वाहनांच्या टाक्यांचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११४३९ सांगते की टाकीचे पोलाद ९५० मेगापास्कलहून जास्त ताकदीचे असेल तर गॅसमध्ये हायड्रोजन २ टक्क्यांपुढे नको. दिल्लीत राजघाट डेपोत २०२० मध्ये १८ टक्के हायड्रोजनचा एचसीएनजी (हायड्रोजनमिश्रित सीएनजी) ५० बसना देऊन पाहिला, तो ठरावीक बससाठी वेगळा तयार केलेला गॅस होता. पुण्यातल्या पंपावर मात्र कुठल्याही वर्षाची, कुठल्याही बनावटीची टाकी येते, आणि टाकी कुठल्या पोलादाची आहे हे नळीवरच्या माणसाला कळायचा मार्ग नाही.

मग सगळ्यांनाच २ टक्के द्यावे का? तसे केले तर हायड्रोजनकडून मिळणारी उष्णता एकूण उष्णतेच्या ०.६५ टक्के उरते. एवढ्यासाठी पूर्ण शहराच्या जाळ्याचे मोजमाप बदलणे परवडणारे नाही. पोलादी वाहिनी तशीच सोडून हायड्रोजन डीआरएसच्या पुढे, ४ बारच्या प्लॅस्टिक नळात सोडायचा, हा निर्णय इथे पक्का झाला. डीआरएसच्या बाहेर पडणाऱ्या नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की मिश्रण मागे पोलादात आणि सीएनजी पंपाकडे जाऊ शकत नाही.

रिंग तोडावी लागते

प्लॅस्टिक नळाची काळजी कमी आहे. पॉलिइथिलीनच्या भिंतीतून हायड्रोजन मिथेनपेक्षा चार-पाचपट वेगाने पाझरतो, पण मुळात तो पाझर इतका अल्प असतो की गॅसच्या वापरापुढे त्याची गणती होत नाही. इलेक्ट्रोफ्यूजनचे, म्हणजे विजेने तापवून वितळवलेले, सांधे नीट खरवडून, पुसून, थंड होईपर्यंत क्लॅम्पमध्ये धरून केले असतील तर तेही टिकतात. अडचण आहे रिंगच्या आकाराची. रिंगमध्ये गॅस कुठल्या बाजूने वाहील हे वापरावर ठरते. सकाळी तो सोसायट्यांकडे धावतो, दुपारी कारखान्यांकडे.

आणि त्या वसाहतीत एक हीट ट्रीटमेंटचा कारखाना आहे. तिथे गॅस नुसता जळत नाही, तो कच्चा माल आहे. एंडो जनरेटरमध्ये गॅस आणि हवा तापलेल्या निकेल उत्प्रेरकावरून नेऊन कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि नायट्रोजनचे वातावरण तयार करतात, त्यात गिअर आणि शाफ्टच्या पृष्ठभागावर कार्बन चढवतात. शुद्ध मिथेनच्या एका भागाला हवा लागते २.३८ भाग. गॅसमध्ये ५ टक्के हायड्रोजन आला की कार्बन तेवढा कमी, आणि हवा लागते २.२६. मिक्सर जुन्याच प्रमाणावर राहिला तर जादा हवेतला ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. बाहेर पडणाऱ्या वातावरणात ही भर सुमारे एक टक्का येते. ऐकायला एक टक्का थोडा वाटतो, पण त्या वातावरणात पाण्याची वाफ एरवीही एक टक्क्याच्या आतबाहेरच असते. दवबिंदू चढतो, कार्बन पोटेन्शियल (वातावरणाची पोलादावर कार्बन चढवण्याची क्षमता) पडते, आणि भट्टीतला पूर्ण चार्ज, म्हणजे एका वेळी भरलेला माल, मऊ निघतो. प्रमाण स्थिर ५ टक्के राहिले तर मिक्सर एकदाच जुळवून घेता येईल. ते शून्य आणि ५ च्या मध्ये झुलत राहिले तर कारखान्याला ते कळणार आहे कठीणपणा तपासताना, म्हणजे माल वाया गेल्यावर. त्याच वसाहतीत गॅसवर चालणारा एक जनरेटर आहे. हायड्रोजनने इंजिनात नॉकिंग, म्हणजे गॅस अवेळी पेटून बसणारे ठोके, लवकर सुरू होते, त्यामुळे उत्पादकाची लेखी परवानगी नसताना त्यालाही मिश्रण देता येत नाही.

म्हणून रिंग दोन ठिकाणी व्हॉल्व्ह बंद करून तोडायची. सोसायट्या आणि खानावळ यांचा एक कप्पा, त्याला पहिल्या डीआरएसकडून गॅस. कारखाने दुसऱ्या डीआरएसवर. याची किंमत उघड आहे: सोसायट्यांना आता एकाच बाजूने पुरवठा. रस्ता खोदताना जेसीबीने नळ तोडला, आणि पुण्यात हे घडतच असते, तर रिंगचा व्हॉल्व्ह उघडून दुसरीकडून गॅस देता येत होता, तो मार्ग बंद झाला. घाईत कुणी तो उघडला तर मिश्रण कारखान्यांकडे जाईल. त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्हवर लिमिट स्विच हवेत: व्हॉल्व्हचा दांडा (स्पिंडल) जरा हलला की हायड्रोजन आपोआप बंद.

किती हायड्रोजन लागतो

१२०० घरांचा रोजचा वापर घरटी ०.४५ घनमीटर धरला तर ५४० घनमीटर. हायड्रोजनची घनमीटरमागची उष्णता १२.७५ मेगाज्यूल, मिथेनची ३९.८. ५ टक्के मिश्रणाची ३८.४५, म्हणजे ३.४ टक्के कमी. तेवढाच स्वयंपाक करायला ५५९ घनमीटर मिश्रण लागेल, त्यात २८ घनमीटर हायड्रोजन, वजनाने अडीच किलो. ७ घनमीटरचे चार सिलिंडर. १६ सिलिंडरचा एक गठ्ठा चार दिवस पुरतो.

हा २८ घनमीटर हायड्रोजन जेमतेम ९ घनमीटर नैसर्गिक वायू वाचवतो, म्हणजे दिवसाला सुमारे १८ किलो कार्बन डायऑक्साइड. तो इलेक्ट्रोलायझरने, म्हणजे विजेने पाणी फोडून, तयार करायला १४० युनिटच्या आसपास वीज लागते. ही वीज छतावरच्या सौर पॅनेलची असेल तर ठीक, पुण्यात त्यासाठी ३५ किलोवॅटच्या आसपास पॅनेल लागतील. पण ती ग्रिडमधून घेतली तर युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला जवळपास १०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १८ किलो वाचवायला १०० किलो. सोसायटीच्या सभेत हा हिशेब आधी मांडावा. या टप्प्यावर मिश्रणाचा खरा लाभ जाळे, मोजमाप आणि माणसे तयार होण्याचा आहे, आणि तो तसाच सांगावा.

बिलाचा प्रश्नही इथेच येतो. मीटर आकारमान मोजतो, उष्णता मोजत नाही. महिन्याला १४ घनमीटर वापरणाऱ्या घराला तेवढ्याच स्वयंपाकाला साडेचौदा लागतील. दर उष्णतेच्या हिशेबाने दुरुस्त केला नाही तर त्या अर्ध्या घनमीटरचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. रक्कम किरकोळ असली तरी ती ग्राहकाने सोसण्याचे काही कारण नाही.

मिसळण्याच्या जागी काय बिघडते

सकाळी सहा ते नऊ, डब्यांच्या वेळी, या कप्प्यातून ताशी ७० घनमीटरपर्यंत गॅस जातो. रात्री अकरा ते पहाटे पाच तो १-२ घनमीटरवर येतो. मिसळणाऱ्या यंत्रणेची सगळी परीक्षा या चढउतारात आहे.

पहिली चूक मोजमापाची होते. गॅसचा रोटरी मीटर ४ बारला जसे आहे तसे आकारमान दाखवतो, हायड्रोजनचा प्रवाह मोजून नियंत्रित करणारा मास फ्लो कंट्रोलर सामान्य दाबाचे. ४ बार गेज, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा ४ बार जास्त, म्हणजे ५ बार निरपेक्ष. दाबाची दुरुस्ती राहिली तर ५ टक्क्यांऐवजी १ टक्का जातो. मग ‘कमी पडतोय’ म्हणून कुणी सेटिंग पाचपट करतो, आणि नंतर दुसरा कुणी दुरुस्ती जोडतो. त्या दिवशी नळात २० टक्क्यांच्या वर हायड्रोजन जातो. दाब-तापमान करेक्टर आणि कंट्रोलर यांची एकके पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावीत.

दुसरी चूक रात्रीची. गॅसचा प्रवाह ताशी ५ घनमीटरखाली गेला की हायड्रोजन पूर्ण बंद करायचा. पण कंट्रोल व्हॉल्व्ह बंद असूनही जरा पासिंग करत असेल, म्हणजे आतून गळत असेल, समजा ताशी ०.२ घनमीटर, आणि गॅस ताशी १ घनमीटर वाहत असेल, तर नळात जाणारे मिश्रण १६-१७ टक्क्यांचे होते. रात्रभर साचलेला तो पट्टा डीआरएसजवळच्या घरात पहाटे पहिला चहा ठेवणाऱ्याच्या शेगडीत पोचतो. यावर उपाय एकच: दोन शटऑफ व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मधला भाग छतावरच्या व्हेंटला उघडा. पहिला व्हॉल्व्ह गळला तरी गॅस आकाशात जातो, नळात नाही.

मिसळल्यावर दोन्ही वायू पुन्हा वेगळे होत नाहीत, पण मुळात नीट मिसळले पाहिजेत. म्हणून स्टॅटिक मिक्सर (नळातच बसवलेली, वायू घुसळणारी स्थिर पाती), आणि त्याच्या पुढे अंतर सोडून नमुना घेण्याची जागा. विश्लेषक थर्मल कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे उष्णतावाहकतेवरून प्रमाण ओळखणारा, घ्यावा, तो काही सेकंदांत उत्तर देतो. मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला प्रत्येक फेरीला मिनिटे लागतात, आणि त्यात वाहक वायू हीलियम असेल तर हायड्रोजन नीट दिसतच नाही, कारण दोघांची उष्णतावाहकता फार जवळची आहे. वाहक आर्गॉन करावा लागतो. परवानगी ५ टक्क्यांची असेल तर सेटपॉइंट ४.५, घंटा ५.५ ला, आणि ६ ला आपोआप बंद.

हायड्रोजनचे सिलिंडर उघड्या जागी, वर छप्पर असेलच तर उतरते आणि माथ्याला मोकळे, जेणेकरून गळलेला वायू कोपऱ्यात अडकणार नाही. साठवणुकीची परवानगी पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही. सिलिंडरच्या बाजूला आगीचा संशय आला तर अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर आहेच, पण जवळ जाणाऱ्याने लांब दांड्याचा खराटा पुढे धरून चालण्याची जुनी रीत आजही सोडू नये: काड्या पेटल्या की ज्योत कुठे आहे ते कळते.

इमारतीच्या आत

२१ मिलिबारच्या नळात हायड्रोजनमुळे गळती एकदम तिप्पट होते, हा समज बरोबर नाही. मोठ्या भोकातून जोरात बाहेर पडताना आकारमानाने शुद्ध हायड्रोजन मिथेनच्या पावणेतीनपट जातो, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) नळाच्या आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून तो फक्त सव्वापट जातो, आणि ५ टक्के मिश्रणात हा फरक मोजतानाही सापडत नाही. आज जो सांधा घट्ट आहे तो उद्याही घट्ट राहतो. प्रश्न आज गळणाऱ्या सांध्यांचा आहे, म्हणून हायड्रोजन सुरू होण्याआधी प्रत्येक रायझर, म्हणजे मजल्यांवर चढणारा उभा नळ, पाण्याचा मॅनोमीटर (दाबमापक) लावून दहा मिनिटे तपासायचा, पाणी एक मिलिमीटरही हलता कामा नये, आणि जिथे हलले तिथे साबणाच्या पाण्याने सांधा शोधायचा.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये खास पाहायची जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. मीटर तिथे असतो कारण ती मुळात उघडी असते. मग तिथे वॉशिंग मशीन येते, पावसाचे पाणी नको म्हणून सरकत्या काचा बसतात, आणि मीटर दिसायला बरा नाही म्हणून सुतार त्याभोवती प्लायवूडची पेटी करतो. गळलेला गॅस वर जातो आणि पेटीच्या छताखाली साचतो, वॉशिंग मशीनचा स्विच तिथून हातभर अंतरावर. ही स्थिती आजच्या गॅसलाही धोक्याची आहे. हायड्रोजनला पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या चौदाव्या हिश्श्याची पुरते, म्हणून मिश्रणाआधी पेटीला वर आणि खाली जाळी, काचेच्या वरच्या पट्टीत कायमची उघडी झडप, एवढे प्रत्येक घरात झालेच पाहिजे.

शेगडीत ५ टक्क्यांनी फरक जाणवत नाही. वॉब इंडेक्स, म्हणजे त्याच जेटमधून किती उष्णता मिळते हे सांगणारा आकडा, १.२ टक्क्याने उतरतो, एवढा चढउतार नैसर्गिक वायूत एरवीही होतो. पण बऱ्याच घरांत एलपीजीचीच शेगडी जेट बदलून वापरतात. बर्नरची भोके पिनने खरवडून मोठी झालेली असतात, टोपी नीट बसत नाही. हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पळते, त्यामुळे अशा बर्नरवर सिम केले की ज्योत आत शिरण्याची शक्यता वाढते. कॉक बंद करताना ‘फट्’ आवाज येत असेल तर तो बर्नर मिश्रणाआधीच बदलावा.

गस्तीच्या गळतीशोधकांची यादी वेगळी करावी लागते. मिथेन शोधणारी लेझर आणि इन्फ्रारेड यंत्रे हायड्रोजन पाहतच नाहीत. मिश्रणातला ९५ टक्के मिथेन त्यांना दिसतो, म्हणून नळाच्या गस्तीला ती चालतात, पण सिलिंडरच्या बाजूला निरुपयोगी. कॅटॅलिटिक यंत्रे, जी उत्प्रेरकावर गॅस जाळून तो ओळखतात, दोन्ही ओळखतात, मात्र त्यांचे कॅलिब्रेशन मिश्रणाच्याच वायूने करावे. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा गजर हायड्रोजनलाही वाजू शकतो, तेव्हा खोटा म्हणून तो बंद करू नये, आधी गॅसचा कॉक बंद करावा. वासाची अडचण येत नाही. गॅसला वास देणारा मरकॅप्टन ५ टक्के विरळ होतो, तेवढा डोस वर धरला की पुरते.

सुरू करताना आणि थांबवताना

पहिले चार आठवडे हायड्रोजनशिवाय: फक्त प्रवाह, दाब, तक्रारी यांची नोंद, म्हणजे पुढे आलेली तक्रार जुनी की नवी हे कळते. मग १, २, ३.५ आणि ४.५ टक्के, प्रत्येक पायरीला किमान दोन आठवडे. नमुना डीआरएसजवळ तर घ्यायचाच, शिवाय सर्वांत लांबच्या सोसायटीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरही. कप्प्यात १२५ मिमीचा नळ दोन किलोमीटर धरला तर त्यात सामान्य दाबाचा ८२ घनमीटर गॅस भरलेला असतो. सरासरी प्रवाहाला तो बदलायला साडेतीन तास लागतात, रात्री तो जवळपास जागचा हलत नाही. डीआरएसवर झालेली चूक टोकाच्या घरात दुपारी दिसते, आणि रात्रीची चूक दुसऱ्या दिवशी.

हेच थांबवतानाही लागू आहे. रिंगचा व्हॉल्व्ह तातडीने उघडायची वेळ आली तर हायड्रोजन बंद झाला एवढे पुरेसे नाही, नळातले जुने मिश्रण तिथेच असते. व्हॉल्व्हच्या सोसायटीकडच्या बाजूला नमुन्याची तोटी ठेवायची. तिथे हायड्रोजन ०.५ टक्क्याखाली दिसला की मगच कुलूप काढायचे, आणि हीट ट्रीटमेंटच्या शिफ्ट इनचार्जला आधी फोन करायचा. त्या कुलपाला दोन किल्ल्या: एक कंट्रोल रूमला, दुसरी गस्तीच्या गाडीत, नमुन्याच्या यंत्राच्याच पेटीत बांधलेली.